गोष्ट शोधू नका, बँड ओळखा

अमेरिकन जॅझ संगीतकार कार्ला ब्ले यांचा 'एस्कलेटर ओव्हर द हिल' (१९७१) हा जॅझ ऑपेराचा अल्बम बरेच जण पहिल्या पंधरा मिनिटांतच सोडतात. संगीत नाटकाची सवय असलेला कान नांदी झाली की कथानकाची वाट बघत बसतो. इथे ते येतच नाही. कवी पॉल हेन्स यांचे शब्द स्वप्नासारखे तुटक आहेत. ते टपालाने येत, पुढे तर भारतातून, आणि ब्ले त्यांना चाली लावत.

माझं ठाम मत आहे की अर्थामागे धावू नये, आत्ता कोणता बँड वाजतोय ते धरावं. रावळपिंडीतलं एक हॉटेल हा रंगमंच आणि प्रत्येक बँड म्हणजे एक नेपथ्य. लॉबीतला बँड वेगळा. जॅक ब्रूसचा फिरता बँड रॉकचा, त्यात जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, पॉल मोशनचे ड्रम्स आणि ऑर्गनवर स्वतः ब्ले. डॉन चेरीच्या ट्रम्पेटभोवतीचा वाळवंटी बँड तिसराच. हे शेवटचे दोघे 'रावळपिंडी ब्लूज'मध्ये आमनेसामने येतात. नवख्याने आधी ही साधारण तेरा मिनिटं ऐकावीत, मगच सुरुवातीची नांदी, 'हॉटेल ओव्हर्चर'.

ती मात्र लोकलमध्ये नको. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवला की गाटो बार्बिएरीचा टेनर सॅक्सोफोन कानात घुसतो, आणि कमी केला की चार्ली हेडनचा बास गायब. घरी, खिडक्या लावून, स्पीकरवर ऐका. फोनवर शफल बंद आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) शून्य ठेवा, नाहीतर तुकड्यांचे सांधे बिघडतात.

रेकॉर्ड मिळालीच तर (तीन आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पावसाळ्यात खोकं भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते) सहाव्या बाजूचा शेवट चुकवू नका. शेवटची खाच वर्तुळात बंद केलेली आहे, त्यामुळे गुणगुण थांबतच नाही. ऑटोमॅटिक टर्नटेबल आतल्या खाचेपाशी पोचताच दांडी उचलतो आणि हा शेवटच हरवतो. तिथे मॅन्युअलच हवा. सीडीवर हीच गुणगुण लांबवून शेवटचा ट्रॅक सुमारे २७ मिनिटांचा केलाय, पण अखेर ती विरते. रेकॉर्डवर ती थांबवायला उठून सुई उचलावी लागते. फार वेळ तशीच ठेवू नका, सुई झिजते.