आमचा फणस उथळ मुळांचा नव्हता

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

काल रात्री आमच्या गावच्या ग्रुपवर एका काकांनी चार ओळी लिहिल्या. अवकाळी पावसाने आंबा गेला, झाडावर उरलाय त्याच्यावर डाग पडायला लागलेत, फवारणीची उधारी थकली आहे, आता बाग विकून मोकळं व्हावं असं वाटतं. बस, एवढंच. या काकांना मी आयुष्यात कधी कोणापुढे हात पसरताना पाहिलेलं नाही. ते चार शब्द लिहिण्याआधी त्यांनी फोन कितीदा खाली ठेवला असेल, कोण जाणे.

त्यावर पहिलं उत्तर काय आलं? उगवत्या सूर्याचं चित्र, त्यात एक डेरेदार झाड आणि त्यावर ओळ : ‘ज्याची मुळं खोल असतात, त्याला वादळाची भीती नसते.’ खाली कुणा थोर माणसाचं नाव. मग जोडलेले हात. मग टाळ्या. मग ‘व्वा, सुंदर विचार’. मग कोणी धैर्यावरचा सुविचार टाकला, कोणी जिद्दीवरचा, कोणी चारित्र्यावरचा. काकांच्या ओळी वर सरकत सरकत दिसेनाशा झाल्या. उधारी किती आहे, हे एकाही माणसाने विचारलं नाही.

मुळं खोल म्हणे!

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर चढलं आणि आमचा सगळा दापोली-मंडणगडचा किनारा त्याने धुऊन काढला. आमच्या काकूच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, इथे मुरूडला, विहिरीच्या कडेला एक फणस होता. काकूच्या सासऱ्यांच्याही आधीचा. दोघांच्या कवेत मावायचा नाही. तो दुपारी मुळासकट उपटला गेला. येताना विहिरीचा कठडा घेऊन आला. पडल्यावर मागे जो खड्डा झाला त्यात माणूस उभा राहिला असता, आणि मातीतून तुटलेली मुळं मनगटाएवढी जाड बाहेर आली होती. ही मुळं उथळ होती? आणखी किती खोल जायला हवी होती त्यांनी?

पोफळींचं तर विचारूच नका. लागत्या पोफळी अर्ध्यातून मोडून एकमेकींवर पडलेल्या, त्यांच्यावर चढवलेल्या मिरीच्या वेलींसकट. पडवीपासून बेड्यापर्यंत, म्हणजे वाडीच्या फाटकापर्यंत, पाय ठेवायला जागा नव्हती. नवीन पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे इथे पोरासोरांना माहीत आहे. काकू तेव्हा साठीच्या पुढे होती.

आणि एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती, ती आज पुन्हा पुन्हा आठवतेय. वाडीत ज्या थोड्या पोफळी उभ्या राहिल्या त्या सगळ्या घराच्या मागच्या अंगाला होत्या. घराने वारा अडवला म्हणून त्या वाचल्या. त्या काही जास्त चांगल्या पोफळी नव्हत्या. त्याच बियाण्याच्या, त्याच पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या. त्यांना आडोसा होता, बाकीच्यांना नव्हता.

आता हे मला त्या चित्रं पाठवणाऱ्यांना सांगायचं आहे. तुम्ही पडलेल्या माणसाला मुळांचा सुविचार पाठवता तेव्हा त्याला नेमकं काय ऐकू येतं, याचा कधी विचार केलाय? त्याला ऐकू येतं की तूच कमी पडलास. तुझ्यात दम असता तर तू उभा असतास. आधीच आंबा गेलेला, वर हा ठपका.

तीच गत लाटांच्या त्या हिंदी कवितेची. लाटांना भिणाऱ्याची नाव पैलतीराला लागत नाही, अशी. दर वादळाच्या इशाऱ्याला ती हमखास येते, खाली हरिवंशराय बच्चन यांचं नाव. ती कविता सोहनलाल द्विवेदी यांची आहे, हे खुद्द अमिताभ बच्चन यांनी सांगितलेलं आहे. पण नाव तपासायला कोण बसलंय? आणि ती पाठवायची कोणाला, तर हर्णै बंदराला! इथला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, वारा फिरला की जाळं ओढून होडी मागे वळवतो. डिझेल फुकट, बर्फ फुकट, खलाशांना तोंड द्यायचं, मालकाचे बोल ऐकायचे, आणि तरीही वळवायची. मला विचाराल तर छाती लागते ती त्याला. ही छाती कुठल्या चित्रावर बसत नाही, म्हणून तिच्यावर कोणी लिहीत नाही.

मान्य, सगळे सुविचार वाईट नसतात. तुकोबांच्या ओळींवर दिवस काढलेली माणसं माझ्या घरात आहेत. पण तुकोबांचं घर स्वतः दुष्काळात उद्ध्वस्त झालं होतं, बायको गेली, मूल गेलं, आणि मग ते शब्द आले. गादीवर लोळत अंगठ्याने पुढे ढकललेले ते शब्द नव्हते.

परत काकूकडे येते. वादळानंतर ती पडवीत भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बोलेना, जेवेना. वीज नाही, पंप बंद, फोन बंद. वर कोरोना, त्यामुळे मुंबई-पुण्याची माणसं इच्छा असून येऊ शकत नव्हती. जरा टेकडीवर गेलं की रेंज यायची आणि फोन पेटल्यासारखा वाजायला लागायचा. काय यायचं? ‘कोकणी माणसाच्या जिद्दीला सलाम.’ ‘कोकणी माणूस मोडेल पण वाकणार नाही.’ मी ते काकूला वाचून दाखवले नाहीत.

मग पाजपंढरीच्या कोळीवाड्यातली मुलं आली. जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. त्यांच्या स्वतःच्या घरांचे पत्रे उडालेले होते, तरी आली. होडी ओढायचा जाड दोर घेऊन आली होती. पडवीवर आडवा झालेला माड त्यांनी दोर बांधून, एका तालात हाका देत, कौलं आणखी न फोडता खाली उतरवला. मग कोयत्यांनी वाट मोकळी केली. ओल्या खोडांचा तो आंबूस वास आणि चिकानं काळे पडलेले त्यांचे हात मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. काकूला एक शब्द कोणी सांगितला नाही, धीर धर म्हणून सुद्धा नाही. एकाने फक्त विचारलं, “काकू, विळी खंय हाय? दोर कापायचाय.” आणि ती उठली. विळी आणायला उठली, आणि मग चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

सरकारी मदत म्हणाल तर हेक्टरी 50 हजार जाहीर झाली. आमच्या वाड्या गुंठ्यांत. गुंठ्याला 500 रुपये. बारा गुंठे वाडीचे 6 हजार. सलाम करणाऱ्यांपैकी कोणीतरी हा हिशोब तेव्हा मांडायला हवा होता. जिद्दीचं कौतुक केलं की हिशोब विचारायची गरज राहत नाही, आणि म्हणूनच मला या सलामांचा इतका राग येतो.

महर्षी कर्वे आमच्या मुरूडचे. 18 एप्रिलला त्यांच्या फोटोवर धैर्याचं काहीबाही छापून गावभर फिरतं. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल चालत गेलेला मुलगा, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पण 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला, ते कोणी छापत नाही. तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे होते ते गोदूबाईंचे भाऊ, नरहरपंत जोशी, त्यांचे मित्र. 1958 ला भारतरत्न मिळाल्यावर कौतुक करणं सोपं होतं. बहिष्काराच्या दिवसांत त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलं कोण, हा माझा प्रश्न आहे.

ज्यांनी ते झाडाचं चित्र टाकलं त्यांना मी ओळखते. वाईट माणूस नाही. विरारला एका खोलीत राहतात, रोज पहाटे सगळ्यांना काहीतरी पाठवतात, गणपतीला न चुकता येतात आणि जाताना डोळे पुसतात. कदाचित काय बोलावं ते सुचलं नसेल. दुःखी माणसाशी बोलणं अवघड असतंच, तयार ओळ हाताशी असली की सुटल्यासारखं वाटतं. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर राग मानू नका. पण एक फोन करा काकांना. काही सुचलं नाही तर पाऊस पडतोय का तेवढंच विचारा.

मी दुपारी जाऊन आले त्यांच्याकडे. उधारी ऐकली. मोठी आहे, पण बाग विकावी एवढी नाही. दुकानदार दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे, बोलणं झालं. झाडावरचा आंबा पेटीचा राहिला नाही, तरी कॅनिंगला जाईल, फक्त पुढचा पाऊस यायच्या आत उतरवला पाहिजे आणि गडी मिळत नाहीत.

रविवारी सकाळी सहाला त्यांच्या बागेत जमायचं आहे. झेले, म्हणजे आंबा उतरवायच्या जाळीच्या काठ्या, दोनच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा. क्रेट मी आणते. चहा-पोहे काकूकडून. टेम्पो कोणाचा मिळेल ते खाली लिहा.