बिलात वीज कुठंय?

वीजबिल हातात आलं की वीज सोडून सगळं दिसतं. स्थिर आकार वेगळा, वहन आकार वेगळा, इंधन समायोजन आकार आणखी वेगळा आणि या सगळ्यावर वर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे तारेतून वीज आणली त्याचे पैसे आणि त्या पैशांवरही कर! घर महिनाभर बंद ठेवून गावाला जा, स्थिर आकार तरी येणारच. 100 युनिटच्या पुढे गेलात की दर जवळपास दुप्पट, मे महिन्यात पंखासुद्धा लावायचा नाही का माणसाने?

आणि सबसिडीचं बोललं की लगेच 'फुकटे' म्हणून अंगावर येतात. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज माफ केली, ठीक आहे, पण त्या पंपाला वीज रात्री दोनला येते त्याचं काय, बिबट्याला विचारून पाणी द्यायचं का? गॅसच्या सबसिडीचं तर बोलूच नका. 2015 ला 'गिव्ह इट अप' म्हणून प्रेमाने सोडायला सांगितलं, 2020 पासून न विचारताच बंद केली. उज्ज्वलावाल्यांना मिळते, मिळू दे, पण मधल्या माणसाने काय चूल पेटवायची? फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर?