दोन मोठे कॅनिस्टर आणि शून्य नायट्रेट: रीफ टँकच्या फिल्टरेशनबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेले खाऱ्या पाण्याचे मोठे टँक, म्हणजे रीफ टँक, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. तो थोडक्यात असा: ‘हजार लिटरच्या रीफ टँकला तासाला दहापट पाणी फिरवणारे दोन मोठे कॅनिस्टर लावा. त्यात सिरॅमिक रिंग ठासून भरा. युव्ही बसवा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा. मग स्किमर लागत नाही, पाणी बदलावं लागत नाही आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी सहज चालतं.’ कॅनिस्टर म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, युव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, आणि स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून कचरा काढणारं यंत्र. सल्ला सोपा आहे, म्हणून नवे लोक मोठा खर्च याच भरवशावर करतात. पुढे कोरल पांढरे पडू लागले की दोष मिठाला नाहीतर लाइटला दिला जातो.

मुद्द्यांकडे जाण्याआधी एक हिशेब मांडू. टँक २०० × ७० × ७० सेंमीचा, म्हणजे ९८० लिटरचा. खाली सम्प, म्हणजे फिल्टरेशनची साधनं ठेवायची जोडटाकी. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर सम्पसकट साधारण ११०० लिटर पाणी. मासे पंधरा-वीस आणि रोजचं कोरडं खाद्य २० ग्रॅम. खाद्यात ५० टक्के प्रथिनं धरली तर त्यातून रोज १.६ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात येतो. तो सगळा नायट्रेट झाला तर ७.१ ग्रॅम, म्हणजे रोज ६.४ पीपीएम (मिलीग्रॅम प्रति लिटर). फॉस्फरस खाद्याच्या फक्त १ टक्का धरला तरी रोज ०.५५ पीपीएमच्या आसपास फॉस्फेट तयार होऊ शकतं, आणि आपल्याला टँकमध्ये ते ०.१ च्या आत हवं असतं. यातला काही भाग माशांच्या वाढीत जातो, काही कोरल, शेवाळं आणि जिवाणू घेतात, काही फॉस्फेट दगड धरून ठेवतो. उरलेलं बाहेर काढायची जबाबदारी फिल्टरेशनची. म्हणून कुठलंही साधन घेताना आधी विचारावं की ते टँकमधून नेमकं काय बाहेर काढतं. लिटरचा आकडा त्यानंतर बघावा.

‘दोन मोठे कॅनिस्टर, त्यात भरपूर सिरॅमिक रिंग’

कॅनिस्टर कचरा अडवतो, पण बाहेर काढत नाही. अडकलेली विष्ठा आणि उरलेलं खाद्य त्याच डब्यात राहतं आणि पाणी रात्रंदिवस त्यातूनच जातं. दोन-तीन दिवसांत ते कुजायला लागतं. डबा महिन्यातून एकदा उघडला, आणि बहुतेक जण तेवढंच करतात, तर तोवर बराचसा नायट्रोजन विरघळून टँकमध्ये परत आलेला असतो.

रिंगवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, हे खरं. पण रीफ टँकमध्ये हे काम दगड आणि वाळू विनासायास करतात. अडचण पुढच्या पायरीची आहे. नायट्रेटचा नायट्रोजन वायू व्हायला जवळपास ऑक्सिजन नसलेली जागा लागते. ती सच्छिद्र दगडाच्या आत आणि जाड वाळूच्या खालच्या थरात मिळते. जोरात पाणी वाहणाऱ्या डब्यात ती जवळजवळ नसते. या छंदाने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे १९८६ पासून अमेरिकेत वेट-ड्राय फिल्टरची (पाणी हवेतल्या माध्यमावरून झिरपवणाऱ्या फिल्टरची) लाट आली. अमोनिया झटपट संपायचा, पण नायट्रेट चढत जायचं. शेवटी लोक लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले जिवंत दगड) आणि दमदार स्किमर या बर्लिन पद्धतीकडे वळले. त्याही आधी, १९६१ मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर कोरल ठेवण्याची पद्धत मांडली होती.

आपल्याकडे समुद्रातून प्रवाळाचे दगड आणायचे नाहीत. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आले. कोरडा सच्छिद्र रॉक ५० ते ७० किलो घ्यावा. तो मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवून त्या पाण्यातलं फॉस्फेट मोजावं, कारण काही कोरड्या दगडांतून ते महिनोन्‌महिने झिरपतं. मग अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेऊन चार ते सहा आठवडे सायकल होऊ द्यावी, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू वाढू द्यावेत.

कॅनिस्टरचा खरा धोका वीज गेल्यावर कळतो. २६ अंशांना ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारटपणाच्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ६.७ मिलीग्रॅम प्रति लिटर मावतो. गोड्या पाण्यात तो ८ च्या वर असतो. बंद डब्यातले जिवाणू हा साठा लवकर संपवतात. काही तासांनी वीज आली की सडका, ऑक्सिजन नसलेला माल थेट टँकमध्ये ढकलला जातो. ग्रामीण भागात किंवा उन्हाळ्यातल्या लोडशेडिंगमध्ये एवढ्या एका कारणासाठी कॅनिस्टर टाळावा. वीज गेल्यावर आधी पाणी हलतं ठेवावं. दुसरं काही जोडलेलं नसेल तर १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी ४० वॅटचा एक वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) वीसेक तास चालवते. हीटर, चिलर, स्किमर तिच्यावर टाकू नये.

वाळू ढवळल्यावर दोन दिवस पाणी गाळायला किंवा सक्रिय कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) चालवायला कॅनिस्टर उपयोगी आहे. आठवड्याला उघडून धुवायची तयारी मात्र हवी.

‘तासाला दहापट टर्नओव्हर’

इथे दोन वेगळे प्रवाह एकत्र केले आहेत. कोरलभोवती पाणी जोरात हवं असतं, टँकच्या वीस ते तीसपट, आणि ते काम वेव्हमेकरचं. सम्पमधून तीन ते पाचपट पाणी पुरतं. आपल्या टँकला ते ३००० ते ५००० लिटर प्रति तास होतं, तेही पाइप आणि उंचीतला तोटा वजा करून. त्याहून जास्त पाणी सम्पमधून पळवलं तर बुडबुडे टँकमध्ये येतात, पाणी सम्पमध्ये उतरवणारा ओव्हरफ्लो आवाज करतो आणि फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) तुंबून वरून वाहतो. स्किमरमधून एका तासात जेवढं पाणी जातं, त्यात यामुळे काहीही वाढ होत नाही.

ड्रेनसाठी तीन पाइप ठेवावेत. एक गेट व्हॉल्व्ह लावलेला पूर्ण भरून वाहणारा, दुसरा बारीक धार घेणारा, तिसरा फक्त संकटकाळचा आणि एरवी कोरडा. पंप बंद पडल्यावर परत येणारं पाणी आधीच मोजावं. या टँकमध्ये पातळी १ सेंमी उतरली की १४ लिटर पाणी खाली येतं. सम्पमधून वर येणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली ३ सेंमी असेल तर ४२ लिटर, आणि पाइपमधलं वेगळं. एवढी मोकळी जागा सम्पमध्ये नेहमी हवी. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नये. त्यात गोगलगाय किंवा कॅल्शियमचा थर अडकतो आणि तो नेमका गरजेच्या वेळी उघडा राहतो.

सॉक २०० मायक्रॉनचे घेऊन दर तीन-चार दिवसांनी बदलावेत. बदलायला वेळ नसेल तर रोलर मॅट (आपोआप पुढे सरकणारं गाळणीचं कापड) घ्यावा. आठवडाभर न बदललेला सॉक म्हणजे दुसरा कॅनिस्टरच.

‘स्किमर ऐच्छिक आहे’

कमी मासे आणि मऊ कोरल असलेल्या टँकमध्ये स्किमरशिवाय भागतं. रोज २० ग्रॅम खाद्य पडणाऱ्या टँकमध्ये क्वचितच. स्किमर सगळं काढतो, हा समजही बरोबर नाही. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांच्या मोजमापांत वेगवेगळ्या स्किमरनी पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच काढला. तरीही तो हवा, कारण कचरा कुजून नायट्रेट होण्याआधी तो टँकबाहेर कपात जमा करतो आणि पाण्यात हवा मिसळतो. रात्री कोरल, मासे, जिवाणू सगळेच ऑक्सिजन खातात तेव्हा ही हवा फार मोलाची ठरते.

खोक्यावरची क्षमता हलक्या भाराची असते. ११०० लिटरला दीडपट क्षमतेचा स्किमर बघावा, त्याहून फार मोठा नको. भार कमी पडला तर फेस गळ्यापर्यंत चढतच नाही. नवा स्किमर स्थिर व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर रोज सेटिंग बदलत बसू नये. तो सम्पच्या अशा खणात ठेवावा जिथली पातळी आडव्या काचेमुळे कायम राहते. पातळी एक-दोन सेंमी हलली तरी फेस ओला किंवा कोरडा होतो. गळ्याला आतून जमणारा चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसावा. तो फेस मोडतो, आणि ‘स्किमर काम करत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

एसी लावलेल्या बंद फ्लॅटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच ७.८ च्या खाली येतो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली तर बरेचदा ०.१ ते ०.२ चा फरक पडतो.

‘युव्ही लावा, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा’

या सल्ल्यातलं सर्वांत जास्त नुकसान करणारं विधान हेच. कोरलच्या पेशींमधल्या सूक्ष्म शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये आणि नंतर दाखवलं की नायट्रोजन असताना फॉस्फेटची उपासमार झाली तर कोरल उष्णता आणि प्रकाशाला लवकर बळी पडतात, पांढरे होतात. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही घरगुती टँकसाठी सुरक्षित पट्टी.

दोन्ही शून्यावर गेले की जागा डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव घेतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेला थर. इथे युव्ही लावावा की नाही हे जात बघून ठरतं, म्हणून ४०० पट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप घ्यावा. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबासारखा असतो, एका टोकाला बांधल्यासारखा गोल फिरतो आणि रात्री पाण्यात उतरतो. त्यावर युव्ही चालतो. युव्हीला पाणी थेट टँकमधून द्यावं, आणि दर १० ते १२ लिटरला १ वॅट धरावा. अँफिडिनियम वाळूतच राहतो, त्याला युव्हीचा प्रकाश भेटतच नाही. दगडावरच्या केसाळ शेवाळालाही नाही. युव्ही फक्त त्याच्यातून वाहून जाणाऱ्या जिवांना मारतो. ट्यूब वर्षाच्या आत बदलावी लागते आणि काचेची नळी थर जमला की पुसावी लागते.

फॉस्फेट खरोखर ०.३ असेल तर फॉस्फेट शोषणारं फेरिक ऑक्साइड वापरावं, पण सांगितलेल्या मात्रेच्या पावपटीने सुरुवात करून. दोन दिवसांत ०.३ वरून ०.०३ वर आणलेल्या टँकमध्ये अॅक्रोपोरा या कठीण कोरलची त्वचा बुंध्यापासून सुटते. शिवाय दगडाने धरलेलं फॉस्फेट परत पाण्यात येतं. म्हणून आठवड्याला दोनदा मोजत काही आठवडे धीराने उतरवावं. व्होडका किंवा व्हिनेगरने जिवाणू वाढवून नायट्रेट उतरवता येतं, पण ते जिवाणू बाहेर काढायला स्किमर लागतोच, आणि मात्रा जास्त झाली तर पाणी दुधाळ होऊन ऑक्सिजन घसरतो. सम्पमध्ये रात्री लाइट देऊन किटोमॉर्फा हे शेवाळ वाढवणं त्याहून सौम्य. मात्र दर आठवड्याला मूठ-दोन मूठ कापून फेकली तरच काही बाहेर गेलं असं म्हणता येईल.

कार्बन २५० ते ३०० ग्रॅम, आरओच्या पाण्याने धुऊन, महिन्याला बदलून. लेदर कोरल (एक मऊ कोरल) आणि कठीण कोरल एकत्र असतील तर तो वगळू नये, लेदरची रसायनं शेजाऱ्यांना मारतात.

‘पाणी बदलावं लागत नाही’

नायट्रेटपुरतं बोलायचं तर पाणी बदलणं खरंच अपुरं आहे. दर पंधरवड्याला १० टक्के, म्हणजे ११० लिटर बदललं आणि नायट्रेट १० पीपीएम असेल तर १.१ ग्रॅम नायट्रेट बाहेर जातं. त्याच चौदा दिवसांत खाद्यातून ९९ ग्रॅमपर्यंत येऊ शकतं. पाणी बदलायचं ते वेगळ्या कारणासाठी: सूक्ष्म मूलद्रव्यं, आयनांचं बिघडत जाणारं प्रमाण, आणि कुठल्याच फिल्टरमध्ये न अडकणारे पदार्थ. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) मात्र वेगळी मोजून भरावी लागते.

‘घरच्या आरओचं पाणी चालतं’

नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. नळावर टीडीएस ५० ते १५० दिसतो, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यात नायट्रेट आणि सिलिकाही असतात. रोज १०-१५ लिटर बाष्पीभवन भरून काढताना पाणी उडतं आणि हे सगळं टँकमध्ये साठत जातं. कंट्रोलर आणि मिनरल काडतूस नसलेला आरओ घ्यावा, त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) लावावं आणि रेझिनच्या आधी व नंतर असे दोन टीडीएस मीटर बसवावेत. नंतरच्या मीटरवर १ दिसला की रेझिन बदलायचं.

आपोआप पाणी भरणारी यंत्रणा लावली तर तिची टाकी २५ लिटरहून मोठी ठेवू नये. सेन्सर अडकून सगळं पाणी ओतलं गेलं तरी खारटपणा ३५ वरून ३४.२ वर येईल, कोरल ते सोसतात. १०० गॅलन क्षमतेचा मेंब्रेन चांगल्या दाबाला दिवसाला ३८० लिटर देतो. इमारतीच्या टाकीच्या दाबावर त्याच्या निम्मंही मिळत नाही, म्हणून बूस्टर पंप लागतो. पहिल्या भरणीला ११०० लिटर पाणी आणि ४० किलोच्या आसपास मीठ जातं, तेव्हा आरओ चार-पाच दिवस आधीच सुरू करावा.