अस्पष्ट फॅक्सचे खापर टेलिफोन लाइनवर फोडणाऱ्या संदेशाला उत्तर

ऐरोली आणि महापे परिसरातील ज्या कार्यालयांत अमेरिकेतील दवाखान्यांची बिले आणि रुग्णांची कागदपत्रे हाताळली जातात, तेथे फॅक्स अजूनही रोजच्या कामाचा भाग आहे. अशा कार्यालयांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फॅक्स अस्पष्ट येतो आणि पानावर उभी काळी रेष उमटते ती खराब लाइनमुळे, कागद ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून पाठवला की समोर तितकाच स्वच्छ निघतो, फिकट कागदाला ‘डार्क’ आणि बाकी सगळ्याला ‘फोटो’ मोड लावावा, आणि एवढे करूनही वाचता आले नाही, तर आलेले पान एखाद्या एआय अॅपमधून शार्प करून घ्यावे. संदेश सद्हेतूने लिहिलेला दिसतो, पण त्याप्रमाणे वागणाऱ्याचे फॅक्स सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता अधिक आहे.

लाइनचा दावा आधी तपासू. नेहमीच्या फॅक्समध्ये करडी छटा नसतेच. पाठवणारे यंत्र कागदावरचा प्रत्येक ठिपका एक तर काळा ठरवते, नाही तर पांढरा. हा निवाडा लाइनवर काही जाण्यापूर्वीच, स्कॅनरमध्ये किंवा फॅक्स सर्व्हरवर (फॅक्स पाठवणाऱ्या संगणकावर) होतो. त्यानंतर लाइनवरून जातात ते केवळ संकेत: सलग किती ठिपके काळे आणि किती पांढरे, याचे. लाइनवर खरखर असेल तर एखादा संकेत चुकतो, पण त्यामुळे अक्षराची कड पुसट होत नाही. चुकलेल्या संकेताची खूण निराळी असते: तो संकेत ज्या आडव्या ओळीचा, ती ओळ आणि संकोचनाच्या (पाठवायची माहिती आटोपशीर करण्याच्या) काही पद्धतींत तिच्याखालच्या आणखी काही ओळी बिघडतात, म्हणून पानावर आडवे पट्टे, ताणलेली अक्षरे किंवा गहाळ ओळी दिसतात. दोन्हीकडे ईसीएम, म्हणजे त्रुटी दुरुस्तीची सोय, चालू असेल तर हेही घडत नाही. पान लहान लहान तुकड्यांत जाते, प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जातो; परिणामी पान जसे निघाले तसेच पोचते, किंवा फॅक्स मध्येच तुटतो. लाइन वाईट असेल तर वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून ९,६०० किंवा त्याहूनही खाली येतो आणि वेळ वाढतो, इतकेच. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोन जोडणीत मात्र लाइनची तक्रार खरी असू शकते. जी.७२९ सारखे बोलण्यासाठी केलेले संकोचन फॅक्सला मानवत नाही, त्यासाठी टी.३८ ही खास फॅक्सची पद्धत किंवा निदान जी.७११ हे आवाज फारसा न दाबणारे संकेतन लागते. पण त्या बिघाडातही फॅक्स तुटतो किंवा पाने अर्धवट येतात. अक्षरे फिकी पडत नाहीत.

उभ्या रेषेचा तर लाइनशी काहीच संबंध नाही. कागद फीडरमधून सरकत असताना ज्या अरुंद काचेवरून वाचला जातो, तिच्यावर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा एक कण बसला असला, तरी तो प्रत्येक ओळीत त्याच जागी वाचला जातो आणि वरपासून खालपर्यंत रेष उमटते. ती पाठवणाऱ्याच्या काचेची की आपल्या प्रिंटरची, हे ओळखायला आपल्या यंत्राचा अंतर्गत रिपोर्ट छापून पाहावा. त्यात स्कॅनर वापरलाच जात नसल्याने रिपोर्टवरही रेष आली तर दोष आपल्या छपाईत आहे; रिपोर्ट स्वच्छ असेल तर समोरच्याला काच पुसायला सांगावे.

६०० डीपीआयचा मुद्दा अधिक खोलात पाहण्यासारखा आहे, कारण वेळ सर्वांत जास्त तिथेच वाया जातो. आजही चालणारा ग्रुप ३ फॅक्सचा मानदंड १९८० चा आहे. त्यात २१५ मिलिमीटर रुंदीत १,७२८ ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे २०४, बसतात. उभ्या दिशेला स्टँडर्ड मोडमध्ये मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे इंचाला जेमतेम ९८, आणि फाइन मोडमध्ये त्याच्या दुप्पट. आठ पॉइंटचा छापील अंक साधारण दोन मिलिमीटर उंच असतो. स्टँडर्डमध्ये त्याच्या वाट्याला सात-आठ ओळी येतात, फाइनमध्ये पंधरा. सात ओळींत इंग्रजी तीनच्या डावीकडची फट बुजली की त्याचा आठ होतो, आणि दशांशचिन्हाला एखादीच ओळ मिळते. औषधाच्या मात्रेत ते गळले तर १.५ चे १५ होतात. मराठी कागदावर हीच गत अनुस्वाराची आणि रफाराची. तुम्ही ६०० डीपीआयची फाइल दिली तरी सर्व्हर ती याच मोजमापात बसवतो, आणि फाइल आधीच काळी-पांढरी केलेली असेल तर आकार घटवताना बारीक रेषा गळून पडतात. म्हणून पाठवताना फाइन मोड निवडावा, मजकूर शक्यतो बारा पॉइंटचा ठेवावा आणि संगणकात असलेला कागद छापून पुन्हा स्कॅन करण्याऐवजी थेट फाइलमधून पाठवावा.

‘डार्क’ने फिकट पेन्सिल दिसू लागते हे खरे आहे. पण गुलाबी कार्बन प्रत, निळा हायलायटर आणि सहीवर मारलेला जांभळा शिक्काही त्यासोबत काळा होतो, आणि कागदाच्या पोताचे बारीक ठिपके उठल्याने सलग काळे-पांढरे पट्टे तुटून पाठवायच्या संकेतांची संख्याही वाढते. अशा कागदाची आधी उजळ छायाप्रत काढून ती फॅक्स करावी. फोटो मोड छटा दाखवण्यासाठी ठिपक्यांची जाळी तयार करतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. तो छायाचित्रापुरताच ठेवावा.

एआयचा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. जो ठिपका आलाच नाही, तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फक्त अंदाजाने भरते. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्सची काही यंत्रे स्कॅन करताना सहाच्या जागी आठ घालत होती; संकोचनासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानल्याचा तो परिणाम होता आणि पान मात्र अगदी स्वच्छ दिसत होते. ‘डाग काढा’ हा पर्यायही दशांशचिन्हाला डाग समजू शकतो. आलेले पान चपटे दिसत असेल, तर ते स्टँडर्ड मोडचे असून तुमचे सॉफ्टवेअर आडवी-उभी घनता सारखीच धरते आहे. उंची दुप्पट केली की अक्षरे मूळ आकारात येतात, आणि यात काहीही बनावट मिसळत नाही. अंकच बुजला असेल, तर तेवढे पान फाइन मोडवर पुन्हा मागवावे. अमेरिकेतील दवाखाने उघडेपर्यंत आपल्याकडे संध्याकाळ होते, त्यामुळे अशा पानांची यादी दुपारीच करून ठेवलेली बरी.