आयर्लंडच्या दुष्काळात घर गेलेल्यांना कायद्याने सांभाळलं? नाही हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय, १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाटा सडला तेव्हा जमीनदारांनी कुळांना बाहेर काढलं हे खरं, पण पुअर लॉ म्हणजे गरिबांना मदत द्यायचा कायदा होता, त्यामुळे घर गेलेल्या प्रत्येकाला मदतीचा हक्क होता, १८४८ मध्ये तर घरातून काढायलाच बंदी आली, आणि घरं गेली ती फक्त खंड म्हणजे जमिनीचं भाडं थकवलं म्हणून. तिन्ही गोष्टी चूक आहेत आणि हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आधी हक्काचं बघू. १८३८ मध्ये आयर्लंडला पुअर लॉ आला तेव्हा त्यात मदतीचा हक्क लिहिलेलाच नव्हता. मदत म्हणजे वर्कहाऊस, गरिबांना ठेवून काम करून घ्यायची सरकारी जागा, तिथे जागा असली तर आत घेणार, नवरा एकीकडे बायको दुसरीकडे पोरं तिसरीकडे, आणि घरी राहून काही मिळणार नाही. जून १८४७ मध्ये वर्कहाऊसच्या बाहेरही मदत द्यायची सोय झाली खरी, पण त्याच कायद्यात विल्यम ग्रेगरी या खासदाराचं कलम घातलं गेलं की ज्याच्या ताब्यात पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले १० गुंठे! ११ गुंठे कसणाऱ्या माणसाचं पीक सडलंय, पोरं उपाशी आहेत, तर त्याने आधी जमीन सोडायची मग पोटाला मागायचं. आणि नुसती जमीन सोडून भागायचं नाही, बऱ्याच ठिकाणी झोपडीही द्यावी लागायची, कुटुंब वर्कहाऊसमध्ये गेलं की मागे छप्पर उतरवलेलं असायचं. मेसेजमध्ये सांगितलंय आधी घर गेलं मग मदत आली, इथे तर मदत मागितली म्हणून घर जात होतं. हे कलम ११७ विरुद्ध ७ मतांनी पास झालं. बापाने जमीन सोडली नाही तरी निदान बायकापोरांना द्या, ही सूट यायला मे १८४८ उजाडला.

आता ती '१८४८ ची बंदी'. कायदा होता, नाकारत नाही, पण त्यात काय होतं ते बघा. घर रिकामं करायच्या ४८ तास आधी जमीनदाराने तिथल्या मदत अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, रात्री काढायचं नाही, नाताळला आणि गुड फ्रायडेला काढायचं नाही, आणि माणसं आत असताना छप्पर पाडायचं नाही. यात बंदी कुठे आहे? माणसं आत असताना छप्पर पाडू नका हे कायद्यात लिहावं लागतं यावरूनच कळतं तिथे काय चाललं होतं. पोलिसांनी मोजणीच १८४९ पासून सुरू केली आणि १८५४ पर्यंत जवळपास अडीच लाख माणसं बाहेर काढलेली नोंदली गेली, म्हणजे हे सगळे त्या कायद्यानंतरचे. क्लेअर परगण्यात किलरशला कॅप्टन आर्थर केनेडी हा सरकारचाच इन्स्पेक्टर होता, त्याने पाडलेल्या घरांचे रिपोर्ट वर पाठवले. लोक जमिनीत खड्डा खणून वर काटक्या आणि मातीची ढेकळं टाकून राहायचे, त्याला स्कॅल्प म्हणायचे, आणि तिथूनही हुसकावले जायचे.

राहिला खंड. पीकच नाही तर थकबाकी असणारच. पण १८४३ पासून नियम होता की वर्षाला ४ पौंड किंवा कमी मूल्य धरलेल्या जमिनीची पुअर लॉची पट्टी, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, जमीनदाराने भरायची, आणि १८४७ पासून लंडनने दुष्काळाचा बहुतेक खर्च याच पट्टीवर ढकलला, त्यामुळे छोटी कुळं काढली की पट्टी वाचायची, सरळ हिशोब. आणि खंड द्यायला तयार असलेल्यांचं काय? गॉलवेत बॅलिंग्लासला मार्च १८४६ मध्ये अशाच लोकांची घरं सैनिक आणून पाडली, कारण जमीन गुरांना चरायला हवी होती. शेजाऱ्यांना ताकीद होती की यांना घरात घ्यायचं नाही, त्या रात्री लोक पडक्या भिंतींच्या आडोशाला झोपले.