दुकानाचं उत्तर: ‘पंप बदलला, कार्ब्युरेटर किट टाकलं, तरी गाडी बंदच पडते’

नमस्कार,

एक स्टार दिलात, राग समजतो. आमच्याकडून घेतलेला मेकॅनिकल पंप (टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणारा) आणि कार्ब्युरेटर किट दोन्ही बसवूनही पिकअप वीसेक मिनिटांनी चढावर मिसिंग करून बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते, म्हणून ‘पार्ट डुप्लिकेट आहेत’ असं तुम्ही लिहिलंय. पण ही लक्षणं पंपाच्या मागची, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची बाजू तपासायला सांगतात. कृपया कार्ब्युरेटर पुन्हा उघडू नका.

पुढच्या वेळी बंद पडली की इंजिन बंदच ठेवून एअर क्लीनर काढा, चोकची झडप उघडी धरा आणि थ्रॉटल हाताने ओढा. आत पेट्रोलची धार उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे. मग इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) तापून दगा देतेय का ते बघा. धार नसेल तर पेट्रोल पोचत नाहीये. तेव्हाच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सावरली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय किंवा बिनभोकाचं झाकण लागलंय. असं खूपदा होतं.

आता मोजमाप. इंजिन गार असताना कार्ब्युरेटरकडची लाइन सोडा, लांब होज (रबरी नळी) लावून इंजिनापासून दूर बाटलीत घ्या, अग्निशामक जवळ ठेवा. चेंबरमधल्या पेट्रोलवर इंजिन आयडलला ३० सेकंद चालवा. या जुन्या इंजिनांवर साधारण अर्धा लिटर यायला हवं. मग पंपाच्या इनलेटला नवी होज लावून टाकीऐवजी बाहेरच्या कॅनमधून हेच करा. कॅनमधून पुरेसं आलं आणि टाकीतून कमी, तर पंप ठीक आहे.

दोष मग बहुधा रबरी होजमध्ये किंवा टाकीत. टाकीपाशी आणि चॅसीवरून पंपाकडे जाणारे होजचे छोटे तुकडे काढून कापून बघा. बाहेरून धड दिसणाऱ्या जुन्या होजचा आतला थर सुटतो आणि पंपाने ओढलं की झडपेसारखा मिटतो. बारीक चीर असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, पंप हवा घेतो. म्हणून खाली डाग शोधून उपयोग नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारी जे३०आर९ दर्जाची होज घाला.

टाकीतला गंज चढावर, जास्त पेट्रोल ओढलं जाताना, आतल्या जाळीला चिकटतो. इंजिन थांबलं की खाली पडतो, म्हणूनच दहा मिनिटांनी गाडी पुन्हा चालते. लाइनमधून उलटी हवा मारायची तर झाकण उघडून, अगदी हलक्या दाबाने. त्याने तात्पुरता फरक पडला तरी टाकी उतरवावीच लागेल. सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) काढून आत बघा. गंज पूर्ण निघाल्याशिवाय सीलर (टाकीला आतून लावायचं लेपाचं द्रव्य) ओतू नका, पापुद्रे सुटून तेच जाळीत बसतात. रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर कधीच नाही, आतली वाफ पेटते.

कॅनमधूनही अर्ध्या लिटरपेक्षा बरंच कमी आलं, तर पंप चालवणारा पुशरॉड (दांडा) किंवा कॅमवरचा एक्सेंट्रिक (त्याला ढकलणारा उंचवटा) झिजलाय का ते तपासा. तोही ठीक असेल तर दोन्ही मापं लिहून पंप परत पाठवा, आम्ही बदलून देऊ.