मदतनीस शेजारी असला तर काम कोणाचं?

ताई, तुमच्या पत्रात आक्षेप दोन आहेत. बौद्धिक दिव्यांग तरुणांना रोपवाटिकेत किंवा गोठ्यात 'स्वयंसेवक' म्हणून नेणं म्हणजे त्यांना फुकट राबवणं. आणि मदतनीस सतत शेजारी असेल, तर ते काम त्या मुलाचं कसलं?

पहिली भीती अगदी रास्त आहे. तरुण आला नाही त्या दिवशी शेळ्या उपाशी राहत असतील, तर तो स्वयंसेवक नव्हे, बिनपगारी गडी आहे आणि त्याला मजुरी मिळायलाच हवी. शोषणापासून संरक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. जनावरांची जबाबदारी हा गोठा चालवणाऱ्या संस्थेच्या पगारी माणसावरच हवी.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. मदतनिसाचं कौशल्य हळूहळू बाजूला होण्यात आहे. कोंबड्यांचं पाण्याचं भांडं घ्या: ओतणं, घासणं, विसळणं, भरणं, जागेवर ठेवणं. शेवटची पायरी आधी शिकवायची. पहिले काही दिवस मुलगा फक्त भरलेलं भांडं जागेवर ठेवतो आणि कोंबड्या लगेच प्यायला येतात. काम पुरं झाल्याचं त्याला समोर दिसतं. मग भरणं, मग विसळणं, असं मागे मागे जायचं.

बहुतेक चुका सूचनेत असतात. 'रोपांना पाणी घाल' म्हटलं की कधी थांबायचं ते कळत नाही. ट्रे चिंब राहतो, मर रोग येतो, रोपं मातीलगत कुजून आडवी पडतात. म्हणून पिशवीतल्या रोपाला 'एक वाटी' सांगायचं. ट्रेसाठी आइस्क्रीमची काडी खुपसायची. ओला कोकोपीट (रोपांखालचा नारळाच्या काथ्याचा भुसा) चिकटला, तर आज पाणी नाही. चिखलाला हात लावायला नको वाटणाऱ्यांनाही हे जमतं.

शेळीच्या खुराकात चूक जिवावर बेतते. दोघांनी एकाच शेळीला दाणा दिला, तर तो पोटात आंबतो, पोट फुगतं, शेळी दगावूही शकते. उपाय सोपा: सकाळी मदतनिसाने प्रत्येक शेळीचा खुराक मोजून वेगळ्या डब्यात भरायचा. डबा रिकामा म्हणजे तिला दिलेला आहे. वाचता न येणाऱ्यासाठी डब्यावर आणि शेळीच्या गळ्यातल्या पट्ट्यावर एकच रंग.

धोके आहेतच. गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) किंवा व्यायला आलेल्या शेळीजवळ कोणालाही पाठवायचं नाही, कच्चं दूध प्यायचं नाही, हात साबणानेच धुवायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं हवं. फिट येणाऱ्याला विहिरीजवळ, हौदाजवळ एकटं सोडायचं नाही. फिटची काही औषधं घाम कमी करतात, म्हणून उन्हाळ्यात ११ ते ४ काम बंद.

तुमच्या मुलाला कोंबड्यांची भीती वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. मग कोंबड्या नकोतच. गांडूळखत चाळण्यापासून सुरुवात करा: एक घमेलं, एक चाळणी, खाली गोणपाट. पहिल्या दिवशी अर्धा तास भरपूर झाला.